माउसविना संकेतस्थळ : कळफलकाची वाट

संगणकाच्या पडद्यावर एखादे पान उघडावयाचे, ते वाचीत खाली जावयाचे, त्यातील दुवा निवडावयाचा, अर्ज भरून तो पाठवावयाचा, ही कामे तालुक्याच्या कचेरीत, शाळेत आणि ग्रामपंचायतीत आता नित्याची झाली आहेत. ती माउसवाचून होत नाहीत, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः पान नीट रचलेले असेल तर यातील प्रत्येक काम केवळ कळफलकाने करता येते. पुष्कळांना ते अधिक सोयीचे पडते आणि काहींना तर दुसरा मार्गच उपलब्ध नसतो.

हे ‘काही’ कोण, याचा विचार प्रथम केला पाहिजे. अंध व्यक्तीला पडद्यावरील बाण दिसत नाही. तो कोठे न्यावा हे तिला कळण्यास मार्ग नसतो. कंपवाताच्या रुग्णाला बाण एका लहानशा चौकटीवर स्थिर ठेवता येत नाही. मनगट किंवा खांदा दुखावलेल्या कर्मचाऱ्यास दिवसभर माउस सरकवणे असह्य होते. यांखेरीज आणखी एक मोठा वर्ग आहे, तो टंकलेखन शिकलेल्यांचा. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांची गती आवश्यक ठरविण्यात आलेली आहे. ही गती मिळविलेल्या माणसाची बोटे कळफलकाकडे न पाहता चालतात. प्रत्येक दुव्यासाठी उजवा हात उचलून माउसवर न्यावयाचा, बाण शोधावयाचा, टिचकी द्यावयाची आणि बोटे पुन्हा मूळ ओळीवर आणावयाची, यात कष्टाने मिळविलेली ही गती वाया जाते.

दुव्यांना क्रमांक देण्याची जुनी रीत

माउस लोकांसमोर आला तो ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी केलेल्या प्रात्यक्षिकात. सर्वसामान्यांच्या मेजावर येण्यास त्याला पुढे बराच काळ लागला. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० मध्ये तयार केलेला पहिला ब्राउझर माउसवर चालणाराच होता. परंतु तो ज्या नेक्स्ट नावाच्या संगणकावर चाले, तो संगणक फार थोड्या ठिकाणी होता. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने सर्नमध्येच दुसरा एक साधा ब्राउझर तयार केला. तो केवळ अक्षरे दाखवीत असे आणि साध्यातल्या साध्या संगणकावर चालावा, अशी त्याची रचना होती. त्यात प्रत्येक दुव्यापुढे कंसात एक क्रमांक छापलेला असे. वाचकाने तो क्रमांक टंकित करून एंटरची कळ दाबली की दुव्यामागील पान पुढे येई. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात लिंक्स हा ब्राउझर तयार झाला. तोही कळफलकावरच चालणारा होता आणि त्याचा वापर अद्याप थांबलेला नाही.

हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला आहे. कळफलकाने संकेतस्थळे पाहण्याची आजची साधने ही कोणा हौशी तंत्रज्ञांची विक्षिप्त कल्पना आहे, असे कित्येकांना वाटते. प्रत्यक्षात दुव्याला खूण द्यावी आणि ती खूण टंकित करून तो उघडावा, ही रीत संकेतस्थळांच्या जन्माइतकीच जुनी आहे. मध्यंतरी चित्रे, रंग आणि हलत्या पट्ट्या आल्या, माउस हाती आला आणि ती रीत मागे पडली, इतकेच.

ब्राउझरमधील अंगभूत कळा

वरून काहीही न जोडता क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये बरेच काही साध्य होते. टॅबची कळ दाबली की एका दुव्यावरून किंवा चौकटीवरून पुढच्या चौकटीवर जाता येते. शिफ्टसह टॅब दाबल्यास मागे येता येते. एंटरने दुवा उघडतो. स्पेसच्या लांब कळीने पान एक पडदाभर खाली सरकते, शिफ्ट आणि स्पेसने वर जाते. कंट्रोल व एल यांनी पत्त्याची चौकट गाठता येते; आल्ट व डावा बाण यांनी आधीच्या पानावर परतता येते. चुकून बंद झालेले पान कंट्रोल, शिफ्ट व टी या तीन कळांनी परत येते. ही शेवटची सोय अनेक वर्षे संगणक वापरणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

यापेक्षाही उपयोगी, पण फारशी प्रचारात नसलेली एक युक्ती आहे. कंट्रोल व एफ दाबून शोधाची चौकट उघडावी आणि हव्या असलेल्या दुव्यातील शब्द, उदाहरणार्थ ‘निविदा’, टंकित करावा. तो शब्द पानावर उजळून दिसला की एस्केपची कळ दाबावी. शोधाची चौकट मिटते आणि रोख त्या दुव्यावर राहतो. मग एंटर दाबताच दुवा उघडतो. शब्द देवनागरीत असला तरी या युक्तीत अडचण येत नाही.

तथापि अंगभूत कळांची एक मर्यादा आहे. टॅबची कळ क्रमाने चालते. पानाच्या माथ्यावर बोधचिन्ह, भाषा बदलण्याची सोय, मुख्य यादी आणि तिच्या पोटयाद्या मिळून चाळीस दुवे असतील आणि हवी असलेली सूचना त्यांच्यानंतर येत असेल, तर टॅब चाळीस वेळा दाबल्यावाचून तेथे पोचता येत नाही. पुढील पानावर तोच माथा पुन्हा असतो आणि तीच चाळीस दाबणी पुन्हा करावी लागते. डोळस माणूस अशा वेळी कंटाळून माउस हाती घेतो.

अक्षरांच्या चिठ्ठ्या

ही अडचण दूर करण्यासाठी जी साधने निर्माण झाली त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडता येणारा लहानसा प्रोग्रॅम. या प्रकारातील व्हिमियम हे एक्स्टेन्शन विशेष प्रसिद्ध आहे. ते विनामूल्य असून त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता येते. फायरफॉक्ससाठी ट्रायडॅक्टिल हेही याच धर्तीचे साधन आहे.

व्हिमियम जोडल्यावर एखाद्या पानावर एफ ही कळ दाबली की पडद्यावर दिसत असलेल्या प्रत्येक दुव्यावर, बटणावर आणि चौकटीवर एकदोन अक्षरांची छोटी पिवळी चिठ्ठी उमटते. ती अक्षरे टंकित केली की तो दुवा उघडतो. चिठ्ठ्यांसाठी मुळात चौदा रोमन अक्षरे योजलेली आहेत. बोटांच्या मूळ ओळीवरील बरीचशी अक्षरे त्यांत आहेत. दोन दोन अक्षरांच्या जोड्या केल्यास १९६ चिठ्ठ्या होतात. एका पडद्यावर याहून अधिक दुवे क्वचितच असतात. म्हणजे टॅबने चाळीस दाबण्या लागत होत्या, तेथे तीन पुरतात. अक्षरांऐवजी आकडे हवे असतील तर तशीही सोय त्यात आहे, आणि ती निवडल्यावर पडद्याकडे पाहताना निकोला पेलो यांच्या ब्राउझरची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

अन्य कळांची योजनाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. जे या कळीने पान खाली सरकते, के या कळीने वर. जी दोनदा दाबल्यास पानाचा माथा येतो, शिफ्टसह जी दाबल्यास तळ. खाली जाण्यासाठी जे हेच अक्षर का, असा प्रश्न नव्या माणसाला हटकून पडतो. बिल जॉय यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७६ मध्ये व्ही-आय हा लेखनाचा प्रोग्रॅम तयार केला. ते ज्या एडीएम-३ए या यंत्रावर काम करीत, त्याच्या कळफलकावर बाणांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या कळांवरच डावा, खालचा, वरचा व उजवा असे बाण छापलेले होते. व्ही-आयमध्ये तीच योजना आली, तिच्यातून १९९१ मध्ये निघालेल्या व्हिममध्ये टिकली आणि व्हिमियमने तेथूनच आपले नाव व कळा घेतल्या. एका यंत्रावरील बाणांच्या खुणा ते यंत्र अडगळीत गेल्यानंतरही जगभरच्या बोटांत अशा राहून गेल्या.

कळफलक मराठीत असताना

मराठीत काम करणाऱ्यांना या साधनांचा पहिला अनुभव बहुधा निराशेचा येतो. एफ दाबले तरी चिठ्ठ्या उमटत नाहीत, जे दाबले तरी पान हलत नाही. साधन बिघडले असावे, असे समजून ते काढूनही टाकले जाते. कारण अगदी साधे आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत जे या कळीवर ‘र’ आहे, के या कळीवर ‘क’ आहे आणि एफ या कळीवर ऱ्हस्व वेलांटी आहे. कळफलक मराठीवर असताना एक्स्टेन्शनला जे हे अक्षर मिळतच नाही. त्याला ‘र’ मिळतो आणि ‘र’ चे काय करावयाचे हे त्याला ठाऊक नसते.

यावर दोन उपाय आहेत. विंडोजची कळ व स्पेस यांनी कळफलक तेवढ्यापुरता इंग्रजीवर न्यावा, हा पहिला. परंतु मराठी अर्ज भरताना तो सारखा बदलत राहणे त्रासदायक होते. दुसरा उपाय कायमचा आहे. व्हिमियमच्या प्रगत पर्यायांत कळफलकाची मांडणी दुर्लक्षित करण्याचा एक पर्याय आहे. तो निवडला की कळीवर कोणते अक्षर उमटते याकडे न पाहता ती कळ कोणत्या जागी आहे, हे पाहिले जाते. मग कळफलक मराठीवर असला तरी चिठ्ठ्या उमटतात. अर्जाच्या चौकटीत लिहीत असताना ही साधने आपोआप बाजूला होतात, त्यामुळे मराठी मजकूर टंकित करण्यात व्यत्यय येत नाही. एस्केप दाबून चौकटीबाहेर आले की ती पुन्हा कामास लागतात. मराठीतून काम चालणाऱ्या कार्यालयात हा एक पर्याय माहीत असणे किंवा नसणे यावरच अशा साधनाचा उपयोग अवलंबून आहे.

अंध वाचकाची वाट वेगळी

अक्षरांच्या चिठ्ठ्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. अंध व्यक्तीला त्यांचा उपयोग नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिच्यासाठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा प्रोग्रॅम, हे साधन आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये आरंभिलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य असून त्याद्वारे मराठी मजकूरही ऐकता येतो. त्यात एच कळीने पुढच्या मथळ्यावर, के कळीने पुढच्या दुव्यावर, एफ कळीने अर्जाच्या पुढच्या चौकटीवर आणि टी कळीने पुढच्या तक्त्यावर जाता येते. व्हिमियममध्ये याच कळांचे अर्थ निराळे आहेत. त्यामुळे ही दोन साधने एकत्र वापरणे इष्ट नाही. एखाद्या शाळेत दिव्यांग विद्यार्थी व इतर विद्यार्थी एकच संगणक वापरत असतील, तर ब्राउझरमध्ये त्यांची स्वतंत्र प्रोफाइल करून द्यावी.

एनव्हीडीएची ही मथळ्यांची सोय पानाच्या रचनेवर अवलंबून आहे. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने मथळा मथळा म्हणून नोंदला नसेल, केवळ अक्षरे मोठी व ठळक केली असतील, तर डोळ्यांना तो मथळा दिसतो, पण एच कळीला तो सापडत नाही. परिपत्रकांची सलग यादी मग पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते.

साधनाने न भरून निघणारी उणीव

येथे या विषयाचा खरा गाभा येतो. एक्स्टेन्शन कितीही चांगले असले तरी सदोष पानाची पुरती दुरुस्ती त्याला करता येत नाही. बटण बटण म्हणून न नोंदता, एका रंगीत चौकोनाला माउसच्या टिचकीची योजना जोडण्याची पद्धत संकेतस्थळे बनविणाऱ्यांत बरीच आहे. असा चौकोन टॅबच्या वाटेत येत नाही, आणि एक्स्टेन्शनलाही तो प्रत्येक वेळी ओळखता येईलच असे नाही. ‘अर्ज सादर करा’ हे बटणच जर असे असेल, तर सर्व माहिती बिनचूक भरलेला अर्जदार शेवटच्या पायरीवर अडकतो. टॅबने ज्या ठिकाणी पोचलो तेथे दिसणारी निळी किंवा काळी कडा पानाचे सौंदर्य बिघडविते म्हणून काढून टाकण्याची खोडही अशीच आहे. कडा गेली की आपण कोठे आहोत, हेच कळेनासे होते. काही पानांवर एखादी खिडकी मध्येच उघडते आणि टॅबने तिच्याबाहेर पडताच येत नाही. जाणकार या दोषाला सापळा म्हणतात, आणि तो शब्द यथार्थ आहे.

हे दोष टाळण्याचे नियम उपलब्ध आहेत. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पानावरील सर्व कार्ये कळफलकाने करता आली पाहिजेत, कळफलक कोठेही अडकून पडू नये, रोखाची जागा दिसत राहावी आणि वारंवार येणारा माथा ओलांडून थेट मुख्य मजकुराकडे जाण्याची सोय असावी, अशा अटी आहेत. या तत्त्वांची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आणि त्यानंतरची २०२३ मध्ये निघाली. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शिका तयार केली. तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीही याच तत्त्वांवर आधारलेली आहे.

कायद्याची बाजूही आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येईल असे असावे, अशी तरतूद आहे. तथापि त्याखालील २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम मार्गदर्शक स्वरूपाचा राहिल्याने त्याचे बंधन कोणी मानीत नव्हते. राजीव रतुडी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि अनिवार्य स्वरूपाची मानके घालून देण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. अर्जच सादर होऊ शकला नाही, तर ही मुदत मोजण्यास आरंभ कोठून करावयाचा, हा प्रश्न संकेतस्थळाची निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे. निविदेच्या अटींत कळफलकाचा एक परिच्छेद घालण्यास खर्च येत नाही. बांधून झालेले संकेतस्थळ दुरुस्त करण्यास येतो.

एक्स्टेन्शन जोडण्यापूर्वी

आता या साधनांची दुसरी बाजू. चिठ्ठ्या लावावयाच्या तर एक्स्टेन्शनला प्रत्येक पान वाचावे लागते. म्हणून ते जोडताना ब्राउझर एक सूचना दाखवितो : हे एक्स्टेन्शन सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचू व बदलू शकेल. ही सूचना औपचारिक समजून पुढे जाण्याची सवय घातक आहे. ज्या संगणकावर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, विद्यार्थ्यांच्या नोंदी किंवा बँक खात्यांचे तपशील उघडले जातात, त्यावर ही परवानगी म्हणजे दप्तराच्या कपाटाची किल्लीच होय.

विश्वासू साधनही हात बदलते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवावे. ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेली पाने निद्रिस्त ठेवून संगणकाचा भार हलका करणारे एक्स्टेन्शन लाखो लोक वापरीत होते. २०२० मध्ये त्याची मालकी मूळ निर्मात्याकडून दुसऱ्याकडे गेली, आणि त्यात अपायकारक संहिता आढळल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केले. वापरणाऱ्यांनी नवीन काहीही जोडलेले नव्हते. जोडलेलेच साधन नव्या आवृत्तीबरोबर आतून बदलले होते. सामान्यतः एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या आपोआप चढतात, त्यामुळे हा बदल सहसा ध्यानातही येत नाही.

यास्तव कार्यालयीन संगणकावर एक्स्टेन्शन जोडण्याचा निर्णय एकट्या कर्मचाऱ्याने घेऊ नये. संगणक व्यवस्थापकाला परवानगी असलेल्या एक्स्टेन्शनांची यादी ठरवून देता येते; यादीबाहेरचे मग जोडलेच जात नाही. क्रोममध्ये एखाद्या एक्स्टेन्शनला ठराविक संकेतस्थळांपुरतीच परवानगी देण्याचीही सोय आहे. जे साधन खरोखर वापरात नाही ते काढून टाकावे. साधनावर सर्वस्वी विसंबून राहणेही बरे नव्हे : फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली एक्स्टेन्शनची पद्धत बदलली, तेव्हा अनेक वर्षे रुळलेले व्हिम्परेटर हे कळफलकाचे साधन एका आवृत्तीसरशी बंद पडले. टॅब, एंटर आणि कंट्रोल-एफ मात्र त्या दिवशीही चालूच होते.

माउस बाजूला ठेवून पाहणी

आपल्या संस्थेचे संकेतस्थळ कळफलकाने चालते की नाही, हे पाहण्यास तज्ज्ञाची गरज नाही. माउसची तार काढावी किंवा तो खणात ठेवावा, आणि मुखपृष्ठापासून टॅबची कळ दाबीत निघावे. रोख कोठे आहे हे प्रत्येक वेळी दिसते का, माथा ओलांडण्याचा दुवा सुरुवातीस मिळतो का, यादी उघडते व मिटते का, हे कागदावर टिपावे. नंतर जो अर्ज नागरिकांकडून सर्वाधिक भरला जातो तो आरंभापासून पोचपावतीपर्यंत भरावा. ग्रामपंचायतीच्या शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत कोणासही ही पाहणी अर्ध्या तासात करता येईल.

अर्जातील जन्मतारखेची चौकट या पाहणीत विशेष काळजीने तपासावी, कारण पुष्कळदा अर्ज तेथेच अडतो. कित्येक अर्जांत दिनांक टंकित करू दिला जात नाही. एक छोटी दिनदर्शिका उघडते आणि तीत महिनामहिन्याने मागे जावे लागते. जानेवारी १९६० मध्ये जन्मलेल्या व्यक्तीने जानेवारी २०२५ मध्ये असा अर्ज भरावयास घेतला, तर तिला मागे जाण्याची कळ ७८० वेळा दाबावी लागेल. त्याच चौकटीत दिनांक थेट लिहिण्याची मुभा ठेवल्यास आठ आकडे पुरतात.